पाखरांचा चितारी टॉमस ब्यूइक

ज्याने बाळपणी कुत्र्यांबरोबर सशामागे धावावे, नदीत गळ टाकून बसावे व दगड मारून पाखरू पाडावे, त्यानेच पुढे आपले सारे आयुष्य त्या सशाचे, त्या माशाचे व त्या पाखराचे रूप हुबेहूब कोरण्यात घालवावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. इंग्लंडातील प्रसिद्ध ठसेकार टॉमस ब्यूइक ह्याचे चरित्र अशा प्रकारचे आहे. तो मोठ्या विद्यालयात शिकला नाही, कोणा नामांकित चित्रकाराचा शिष्य झाला नाही, आणि ज्या कलेने त्याचे नाव झाले ती कलाही त्याच्या काळी हलक्या प्रतीची समजली जात असे. शेतकऱ्याच्या घरी जन्मून तो कारागीर झाला व शेवटपर्यंत कारागीरच राहिला. तथापि त्याची पुस्तके श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत गेली तशी लहान मुलांच्या हातीही गेली. आणि तो मरून दोनशे वर्षे होत आली, तरी त्याची चित्रे अजून लोक आवडीने पाहतात. त्याची हकीकत आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

बालपण

इंग्लंडच्या उत्तर टोकास नॉर्थंबरलंड नावाचा परगणा आहे. त्यातून टाइन नदी पूर्वेकडे वाहत जाऊन न्यूकॅसल शहरावरून समुद्रास मिळते. ह्या नदीच्या दक्षिण तीरी, शहरापासून सुमारे १२ मैलांवर, मिकली गावाजवळ चेरीबर्न नावाचे एक लहानसे घर आहे. तेथे १७५३ सालच्या ऑगस्ट महिन्यात टॉमसचा जन्म झाला. आठ भावंडांत तो सर्वांत वडील. त्याचा बाप जॉन ब्यूइक ह्याची सुमारे ८ एकर जमीन खंडाने केलेली होती, व जवळच दगडी कोळशाची एक लहान खाणही तो चालवीत असे. आई जेन ही लग्नापूर्वी नदीपलीकडील ओव्हिंगहॅम गावच्या पाळकसाहेबांच्या घरची व्यवस्था पाहत असे. घरात श्रीमंती नव्हती, पण अन्नाची वाणही नव्हती. बाप कामाच्या बाबतीत कडक, परंतु गोष्टी सांगण्यात व थट्टाविनोदात रमणारा होता.

घराजवळून एक ओढा वाहत असे. टॉमसच्या उशाशी एक लहान खिडकी होती. तीतून त्या ओढ्याचा आवाज रात्रंदिवस त्याच्या कानी पडे, व झाडांची पालवी, फुले, पानगळ आणि बर्फ ही ऋतूंची सारी चक्रे तो त्या खिडकीतून पाही. थंडीच्या दिवसांत गोठ्याच्या दाराशी उभे राहिले म्हणजे बर्फामुळे उपाशी झालेली नाना जातींची पाखरे अंगणाजवळ आलेली दिसत. मेंढरांना माळावर वैरण नेऊन घालण्याचे काम त्याच्याकडे असे. हिमवृष्टीत अंग आखडून उभी राहिलेली ती मेंढरे त्याच्या मनात अशी ठसली की, पुढे पन्नास वर्षांनीही त्याच्या हातून ती जशीच्या तशी उतरत.

शाळेत मात्र त्याचे मन लागेना. पहिला मास्तर फार मारकुटा होता. म्हणून टॉमस शाळा चुकवून दिवसभर ओढ्याला बांध घालीत बसे व संध्याकाळी इतर मुलांबरोबर निमूटपणे घरी येई. पुढे त्यास ओव्हिंगहॅम येथे पाळक ग्रेगसनसाहेब ह्यांच्या शाळेत घातले. तेथेही लॅटिन भाषेचे धडे बाजूला राहून पाटी व पुस्तकांचे समास चित्रांनी भरू लागले. पाटी पुरेना, तेव्हा त्याने खडूचा तुकडा घेऊन देवालयाच्या आवारातील थडग्यांच्या शिळांवर व देवालयाच्या पडवीच्या फरशीवर चित्रे काढण्यास आरंभ केला. घरी आल्यावर चुलीपुढील फरशीवर पालथा पडून तो चित्रे काढीत बसे, व विस्तवाच्या धगीने त्याचे तोंड भाजून निघे. चित्रकला म्हणजे काय हे त्यास कोणी शिकविले नव्हते. देवालयातील राजचिन्हाचा फलक आणि गावोगावच्या खाणावळींवर टांगलेल्या बैल, घोडा, सॅमन मासा, कुत्री व ससा ह्यांच्या रंगीत पाट्या, एवढेच त्याने पाहिलेले चित्रभांडार. परंतु बैल, घोडा, कुत्रा व मासा हे स्वतःच्या डोळ्यांनी रोज पाहिलेले असल्यामुळे त्या पाट्यांवर काय चुकले आहे हे त्यास चटकन कळे.

शेवटी कोणा स्नेह्याने त्यास कागद आणून दिला. मग शाई व झुडपांवरील काळ्या फळांचा रस ह्यांनी तो चित्रे रंगवू लागला. शेजारच्या झोपड्यांतील लोकांना शिकारीची चित्रे फार प्रिय. घोड्यावर बसलेले शिकारी, भुंकत धावणारी कुत्री व पुढे पळणारा प्राणी अशी चित्रे टॉमस त्यांना अगदी स्वस्तात काढून देई. आपल्या ओळखीचा माणूस व आपल्या ओळखीचा कुत्रा चित्रात पाहून ते लोक आनंदित होत व ती चित्रे भिंतींना चिकटवीत. झोपडीतील भिंत हीच ह्या चित्रकाराची पहिली चित्रशाळा होय, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. कारण त्याच्या आयुष्याच्या शेवटी तीच भिंत पुन्हा आपल्यासमोर येणार आहे.

ससा आणि पाखरू

शिकार हा त्या प्रदेशात गरीब-श्रीमंत सर्वांचाच छंद होता. टॉमसही बर्फातील पावलांच्या खुणा काढीत रानमांजरासारख्या प्राण्यांच्या मागे जाई, कोल्ह्याच्या व सशाच्या शिकारीत धावे, आणि कुत्र्यांशी झुंजणाऱ्या बिज्जूचे शौर्य पाहून हरखून जाई. ह्यात काही क्रूरपणा आहे असे त्याच्या स्वप्नीही नव्हते.

एके दिवशी शिकार चालू असता पाठलागाने दमलेला एक ससा टॉमसच्या हाती लागला. त्याने त्यास उचलून उराशी धरिले. सभोवती कुत्री झेप घेत होती, शिकारी ओरडत होते, आणि तो ससा तान्ह्या मुलासारखा आक्रोश करू लागला. त्या क्षणी काय वाटेल ते देऊन ह्या जिवास वाचवावे असे मुलाला झाले. जवळ उभ्या असलेल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याने ससा मागितला. हा मोठा मनुष्य त्यास वाचवील अशा समजुतीने टॉमसने तो दिला. परंतु त्या मनुष्याने, सशाचा एक पाय मोडून त्यास पुन्हा कुत्र्यांपुढे सोडावे म्हणजे आणखी थोडी मौज होईल, अशी सूचना मांडली. टॉमस तेथून निघून एकीकडे जाऊन उभा राहिला. त्या मंडळीत परत मिसळण्याची त्यास इच्छा होईना. ससा अखेरीस निसटून गेला हे जेव्हा त्याच्या कानी आले तेव्हा त्यास मोठा आनंद वाटला.

तरीही पाखराला दगड मारण्यात काही वाईट आहे असे त्याच्या लक्षात आले नव्हते. एकदा झाडावर बसलेल्या एका पाखराला त्याने दगड मारला व तो नेमका लागला. पाखरू खाली पडले. टॉमसने त्यास उचलले तेव्हा ते जिवंत होते, व ते त्याच्या तोंडाकडे पाहत होते. आपला जीव का घेतला असे ते विचारीत आहे, असा त्या मुलास भास झाला. दुपारभर त्याने ते पाखरू हातातून खाली ठेविले नाही. त्याचे पंख, त्याचे पाय, त्याची चोच, एकेक अवयव तो उलटून पालटून पाहत बसला, आणि असे काही सुंदर आपण आजवर कधी नीट पाहिलेच नव्हते हे त्यास कळून आले. ते पाखरू बुलफिंच जातीचे होते. ह्या जातीच्या नराचे डोके काळे व छाती गुलाबी असते.

आपल्या हातून मारले गेलेले हे शेवटचे पाखरू, असे त्याने म्हातारपणी आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेविले आहे. परंतु तेवढ्यावर तो थांबला नाही. आपल्या पुस्तकासाठी इतरांनी पुढे पुष्कळ पाखरे मारिली, हेही त्याने त्याच ठिकाणी स्पष्टपणे कबूल केले आहे. स्वतःस निर्दोष दाखविण्याची संधी हाती असून ती त्याने घेतली नाही, ह्यावरून त्याच्या सत्यप्रीतीची परीक्षा होते.

शेजारीपाजारी

टॉमसचे शिक्षण शाळेपेक्षा अशा उघड्यावरील लोकांच्या संगतीत अधिक झाले. आकाशातील तारे ओळखणारा एक शेजारी त्यास रात्री नक्षत्रे दाखवी. लढायांतून परत आलेले जुने शिपाई त्यास आपल्या मोहिमा सांगत. ह्या सर्वांत अँथनी लिडल नावाच्या एका गृहस्थाची आठवण टॉमसने मोठ्या आदराने लिहून ठेविली आहे. ह्याने पवित्र शास्त्र अथपासून इतिपर्यंत लक्षपूर्वक वाचिले होते, व देवाच्या वचनाशी जो कायदा जुळत नाही त्यास तो मुळीच जुमानीत नसे. आकाशातील पाखरे व पाण्यातील मासे देवाने सर्व मनुष्यांना दिले आहेत असे त्याचे मत होते. त्या काळी इंग्लंडात ठरावीक उत्पन्नाच्या जमीनदारांखेरीज इतरांनी ससा किंवा तित्तिर मारणे हा गुन्हा होता, व हा निर्बंध १८३१ पर्यंत चालू राहिला. लिडल शिकार करी, पकडला जाई, आणि तुरुंगात जाण्याचे त्यास काहीच वाटत नसे. त्याच्या अशा वर्तनाविषयी मतभेद होऊ शकेल. परंतु गरिबाचा सृष्टीवर हक्क आहे हा विचार टॉमसच्या मनात तेव्हापासून रुजला व तो कधीच गेला नाही.

उमेदवारी

१७६७ सालच्या ऑक्टोबरात, वयाच्या चौदाव्या वर्षी, टॉमस न्यूकॅसल येथील राल्फ बीलबी नावाच्या कोरीव काम करणाऱ्याकडे सात वर्षांच्या उमेदवारीवर राहिला. चेरीबर्न सोडताना त्याचे अंतःकरण फार भरून आले. बीलबीच्या कारखान्यात दारावरील पाट्या, घड्याळांच्या तबकड्या, शवपेट्यांवरील पत्रे, मोहरा, चांदीची भांडी अशी पडेल ती कामे होत. लाकडावरील काम धन्यास आवडत नसे, म्हणून ते ह्या उमेदवाराकडे आले. चार्ल्स हटन ह्यांच्या मोजणीशास्त्रावरील पुस्तकाच्या आकृत्या त्याने लाकडावर कोरिल्या, व येथून त्याचा मार्ग ठरला.

हे काम कसे होते ते सांगितले पाहिजे. पूर्वी लाकडी ठसे फळीच्या उभ्या अंगावर चाकूने कोरीत. त्यामुळे रेघा जाड येत व लाकूड लवकर झिजे. ब्यूइक बॉक्सवुड नावाचे अत्यंत घट्ट लाकूड आडवे कापून त्याच्या छेदावर, तांब्यावर कोरण्याच्या बारीक कोरणीने काम करी. जेथे कोरावे तेथे कागदावर पांढरी रेघ उमटे. म्हणून तो जणू अंधारातून उजेड कोरून काढी. दूरचे डोंगर किंवा धुके फिके दिसावे ह्यासाठी तेवढा भाग तो किंचित खरडून खोल करी, म्हणजे तेथे शाईचा दाब कमी पडे. असा ठसा छापखान्याच्या खिळ्यांबरोबरच बसविता येई, त्यामुळे मजकूर व चित्र एकदम छापून निघे व खर्च अगदी थोडा लागे. त्याने कोरिलेल्या एका वर्तमानपत्राच्या ठशावरून नऊ लाखांहून अधिक प्रती निघाल्या असे त्याने नमूद केले आहे. पुढे जवळजवळ शंभर वर्षे पुस्तके व वर्तमानपत्रे ह्यांतील चित्रे बहुतेक ह्याच रीतीने छापली जात होती.

१७७४ साली उमेदवारी संपली. त्यानंतर लवकरच लंडन येथील कलाकौशल्यास उत्तेजन देणाऱ्या एका मंडळीने त्याच्या काही ठशांबद्दल सात गिनी बक्षीस दिले. त्यांत शिकारी व त्याचा म्हातारा कुत्रा ह्यांच्या नीतिकथेचे चित्र होते. जन्मभर चाकरी केलेल्या कुत्र्याचे दात झिजले, शिकार तोंडातून सुटली, म्हणून धनी त्यास मारावयास उठतो, अशी ती कथा. पदक घ्यावे की पैसे, असे विचारल्यावरून ब्यूइकने पैसे घेतले व ते नेऊन आईच्या हाती दिले. एवढा आनंद आपणास पुढे फार थोड्या वेळा झाला, असे तो म्हणत असे.

पायी प्रवास

१७७६ च्या उन्हाळ्यात तो काठी घेऊन एकटाच स्कॉटलंडात पायी फिरून आला. त्याच वर्षी तो लंडनास गेला. तेथे काम होते, पैसाही मिळत होता. पण श्रीमंतीला लागून असलेले अफाट दारिद्र्य पाहून त्याचे मन विटले. मुख्य प्रधान करितो म्हटले तरी लंडनात राहण्यापेक्षा मिकलीच्या माळावर मेंढरे राखीन, असे त्याचे मत झाले. १७७७ साली तो न्यूकॅसलला परत आला व आपल्या जुन्या धन्याचाच भागीदार झाला. धाकटा भाऊ जॉन हा त्याचा उमेदवार झाला.

तेव्हापासून १७८५ पर्यंत त्याने एक नेम चालविला. आठवड्याचे काम आटोपले की तो पायी चेरीबर्नला जाई व आईबापांना भेटून परत येई. ऊन, पाऊस, बर्फ, कशाचीही त्यास पर्वा नसे. नदीला पूर असला तरी तो मार्ग काढी. ह्या रस्त्याने त्यास जे दिसले, ते त्याच्या कोरणीतून बाहेर आले: भिजलेला वाटसरू, दार उघडू पाहणारे वारे, बर्फात दुमडलेली मेंढरे, कुत्र्याच्या आधाराने चालणारा आंधळा. परंतु १७८५ हे वर्ष दुःखाचे गेले. आई, एक बहीण व बाप अशी तिघेही त्या वर्षी वारली. १५ नोव्हेंबर रोजी बापाच्या निधनाची वार्ता आली, आणि त्याच दिवशी त्याने आपल्या पहिल्या मोठ्या पुस्तकाचा पहिला ठसा कोरावयास घेतला. पुढील वर्षी ओव्हिंगहॅमच्या इझाबेला एलियट हिच्याशी त्याचा विवाह झाला. त्यांना तीन मुली व एक मुलगा झाला.

चतुष्पादांचे पुस्तक

लहानपणी जनावरांच्या चित्रांची जी पुस्तके त्याने पाहिली होती ती इतकी वाईट होती की, ह्याहून चांगले पुस्तक मुलांना मिळाले पाहिजे असे त्याच्या मनाने घेतले होते. दिवसा कारखान्याचे काम व रात्री दिव्याजवळ हे ठसे, असे पाच वर्षे चालले. मजकूर बहुतेक बीलबीने लिहिला. १७९० साली चतुष्पाद प्राण्यांचा हा इतिहास प्रसिद्ध झाला. पहिल्या आवृत्तीच्या सुमारे १६०० प्रती लवकरच खपल्या व १७९१ साली दुसरी आवृत्ती काढावी लागली. परदेशातील प्राणी त्यास दुसऱ्यांच्या चित्रांवरून काढावे लागले, आणि तो उणेपणा दिसून येतो. पण कुत्रा, घोडा, मेंढी, ससा व कोल्हा ह्यांची चित्रे पाहिली की ती त्या प्राण्यांमध्ये वाढलेल्या मनुष्याची आहेत हे लगेच कळते.

ह्याच सुमारास चिलिंगहॅम येथील रानटी पांढऱ्या गुरांपैकी बैलाचे चित्र करण्याचे काम त्याच्याकडे आले. ते कळप मनुष्याची चाहूल लागताच दूर पळत. ब्यूइक हातांगुडघ्यांवर रांगत गेला, तरी साधेना. शेवटी झुंजीत हरून कळपाबाहेर पडलेला एक बैल त्यास एकटा सापडला. १७८९ साली झालेला हा मोठा ठसा त्याच्या सर्व कामांत उत्तम गणला जातो. परंतु थोड्याशा प्रती निघाल्यावर लाकूड तडकले. हा कळप आजही त्याच ठिकाणी आहे.

पाखरांचे पुस्तक

नंतर त्याने पाखरांचे काम हाती घेतले. १७९१ साली तो यॉर्कशायर परगण्यातील विक्लिफ येथे गेला. तेथे एका गृहस्थाने पेंढा भरून ठेविलेल्या पक्ष्यांचा मोठा संग्रह होता. सुमारे दोन महिने त्याने त्यांची रंगीत चित्रे काढिली. परंतु पेंढा भरलेले पाखरू ताठ असते. त्याची मान पेंढा भरणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे वळलेली असते व त्याच्या डोळ्याच्या जागी काच असते. जिवंत पाखरू कसे बसते, पिसे कशी फुगविते, वाऱ्याकडे तोंड कसे करिते, हे चेरीबर्नच्या गोठ्याच्या दारात पाहिलेल्या मनुष्यास ते मानवेना. म्हणून शक्य असेल तेथे जिवंत किंवा नुकतेच मारिलेले पाखरू पाहूनच काम करावयाचे असे त्याने ठरविले.

ही गोष्ट त्याच्या शिकारी मित्रांना कळताच सर्व बाजूंनी पाखरे येऊ लागली. जमीनदार, खलाशी, शेतकरी, सर्वच त्यास पाखरे पाठवीत. ज्या हातांनी ती मारिली त्यांस तो मित्र म्हणे, आणि मेलेल्या त्या पाखराला तो कागदावर पुन्हा फांदीवर बसवी. बुलफिंच हातात घेऊन दुपारभर बसलेला मुलगा आता मोठा झाला होता. पाहण्याची रीत मात्र तीच होती. १७९७ साली भूचर पक्ष्यांचा व १८०४ साली जलचर पक्ष्यांचा असे दोन भाग प्रसिद्ध झाले. पहिल्या भागानंतर बीलबीशी भागीदारी संपली, म्हणून दुसऱ्या भागाचा मजकूरही त्याने स्वतःच जुळविला.

ह्या पुस्तकांत प्रकरण संपून जेथे कोरी जागा राही तेथे त्याने लहान लहान चित्रे घातली. पुष्कळ लोकांना पाखरांपेक्षाही ही अधिक आवडतात. एका चित्रात पुलावरील थोडासा कर वाचविण्यासाठी एक मनुष्य गाईचे शेपूट धरून नदी ओलांडीत आहे, आणि त्याची टोपी प्रवाहात वाहून चालली आहे. टोपीची किंमत कराहून किती अधिक, ते वाचकाने समजून घ्यावे. दुसऱ्यांत उपाशी मेंढी बर्फातून डोकावणाऱ्या खराट्याच्या काड्या चावीत आहे. अंगठ्याएवढ्या जागेत ऊन, पाऊस, कष्ट, थट्टा व दुःख ही सारी त्याने बसविली आहेत.

नदीकाठी

पाखरे मारणे सुटले, परंतु गळ सुटला नाही. लहानपणी रात्रीअपरात्री ओल्या कपड्यांनी मासे घेऊन येणारा टॉमस म्हातारपणीही दांडी घेऊन नदीवर जाई. कोरणी घेऊन दिवसभर वाकून बसणाऱ्या कारागिराला ह्याहून चांगली विश्रांती नाही असे त्याचे मत होते. गळाचा दोर व दांडी घेऊन नदीकाठी बसणाऱ्या गरिबाला कोणीही मनाई करू नये, असे तो आग्रहाने प्रतिपादी. ह्यात त्या जुन्या लिडलचा आवाज आपणांस ऐकू येतो. पण मासे राखले पाहिजेत हेही तो तितक्याच आग्रहाने सांगे. अंडी घालण्यासाठी सॅमन मासा समुद्रातून नदीत वर येतो. नदीवर बंधारे घातले म्हणजे त्याची वाट बंद होते, व थोड्यांच्या फायद्यासाठी सर्वांचे अन्न नाहीसे होते, हे त्याने ओळखिले होते. त्याची भीती खोटी ठरली नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास घाण पाण्यामुळे टाइन नदीतील सॅमन जवळजवळ नाहीसा झाला. पाणी स्वच्छ केल्यावर मात्र तो पुन्हा परत आला. माशांच्या पुस्तकाचा संकल्पही ब्यूइकने आपल्या मुलासह केला होता. काही ठसे तयार झाले, पण तो ग्रंथ पुरा झाला नाही.

शेवटचे काम

१८२२ साली त्याने आपली मुलगी जेन हिच्यासाठी आत्मवृत्त लिहिण्यास आरंभ केला. ते तिने १८६२ साली प्रसिद्ध केले. १८२६ साली पत्नी निवर्तली. १८२७ साली अमेरिकेतील पक्ष्यांचा प्रसिद्ध चित्रकार ऑडुबॉन त्यास भेटावयास आला. ऑडुबॉन स्वतः बंदूक बाळगणारा कसलेला शिकारी. तथापि पाखरांच्या प्रेमाने दोघांची मने लगेच मिळाली, व ऑडुबॉनने पुढे एका लहान अमेरिकन पाखरास ब्यूइकचे नाव दिले. उत्तरेकडील एका हंसासही १८३० साली त्याचेच नाव देण्यात आले.

मरणापूर्वी त्याच्या मनात एक इच्छा होती. आपल्या बाळपणी झोपड्यांच्या भिंतींवर मोठमोठी स्वस्त चित्रे असत. ती चाल बंद पडली होती. ती पुन्हा सुरू करावी व गरिबांच्या भिंतींवर चांगली चित्रे लावावी, म्हणून त्याने एक मोठा ठसा कोरावयास घेतला. त्यात एक म्हातारा घोडा उभा आहे. पाठ खोल गेली आहे, बरगड्या मोजून घ्याव्या, मान खाली, आणि भोवताली ओसाड माळ. तरुणपणी त्याने पुष्कळ धन्यांची चाकरी केली. आता त्याचा उपयोग उरला नाही, म्हणून तो मृत्यूची वाट पाहत आहे. ज्या मुलाने त्या भिंतींसाठी धावत्या शिकारीची चित्रे काढिली होती, तोच पंचाहत्तराव्या वर्षी त्याच भिंतींसाठी हा घोडा कोरीत होता. कच्चा ठसा छापून त्याच्यासमोर आणिला तेव्हा काम पुरे झाले नव्हते. त्यानंतर काही दिवसांतच, ८ नोव्हेंबर १८२८ रोजी, तो मरण पावला. ओव्हिंगहॅमच्या देवालयाच्या आवारात, जेथील शिळांवर त्याने खडूने चित्रे काढिली होती तेथे, पत्नीच्या शेजारी त्यास पुरले. तो अपुरा घोडा त्याच्या मुलाने १८३२ साली, मुक्या प्राण्यांस क्रूरपणे वागवू नये म्हणून झटणाऱ्या मंडळीला अर्पण करून प्रसिद्ध केला. चेरीबर्नचे घर आजही लोकांना पाहण्यासाठी राखून ठेविले आहे.

वाचकहो, ब्यूइक हा साधू नव्हता, आणि शिकाऱ्यांचा वैरीही नव्हता. त्याचे स्नेही शिकारीच होते, त्यांनी आणिलेल्या पाखरांवाचून त्याचे पुस्तक झालेच नसते, व तो स्वतः शेवटपर्यंत गळ टाकीत राहिला. परंतु ज्या प्राण्याला आपण धरितो, राबवितो किंवा मारितो, त्याच्या तोंडाकडे एकदा तरी नीट पाहावे, एवढे त्याने एका लहान पाखरापासून शिकून घेतले व जन्मभर इतरांस दाखविले. गलोल घेऊन झाडाखाली उभ्या असलेल्या मुलास रागावण्यापूर्वी, पडलेले पाखरू त्याच्या हाती देऊन त्याचे पंख, पाय व चोच त्यास पाहावयास लावावी. आणि जे मूल कोळशाने भिंत काळी करीत असेल, त्यास एखादा कोरा कागद आणून द्यावा. टॉमसलाही कोणीतरी तो आणून दिला होता.